फाटकापलीकडची वर्षे



रेल्वेचे फाटक पडलेले असते, दुकान उघडण्याची वेळ टळत असते आणि एखादा तरुण मोटारसायकल तिरपी करून आडव्या दांड्याखालून पलीकडे काढतो. ब्रॉडगेज मार्गांवरील रखवालदार नसलेली सारी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत हटविण्यात आली, तरी पडलेल्या फाटकाखालून जाण्याची ही सवय मात्र गेलेली नाही. दुहेरी मार्गावर एक गाडी निघून गेली की वाट मोकळी झाली असे वाटते. तिच्याआडून येणारी दुसरी गाडी दिसत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबेपर्यंत एक किलोमीटरच्या आसपास अंतर कापते. चालकाच्या हाती भोंग्याखेरीज फारसे काही उरत नाही.

अशा धडकेतून फार थोडे वाचतात. कोणी गाडीच्या कडेचा फटका बसून दूर फेकले गेलेले असतात, कोणाचा पाय चाकाखाली गेलेला असतो. त्यांची बातमी एक दिवस छापून येते. रुग्णालयातून घरी आणल्यावर नातलग पेढे घेऊन येतात आणि संकट टळले असे सारे समजतात. वस्तुतः दुखापतीची खतावणी तेथून पुढे सुरू होते.

गेलेला पाय सर्वांना दिसतो, म्हणून त्याची काळजीही घेतली जाते. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविला. परदेशी कृत्रिम पावलाला बूट लागे, त्यावर उकिडवे बसता येत नसे. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला जयपूर फूट लावून मंदिरात अनवाणी जाता येते, गादीवर मांडी घालता येते. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो विनामूल्य बसवून देत आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. ठाऊक नसते ते पुढचे. उरलेल्या पायाचे टोक पहिल्या वर्षात आक्रसते, म्हणून आधी नीट बसलेला साचा सैल होतो आणि बदलावा लागतो. दुसऱ्या, धडधाकट गुडघ्यावर वर्षानुवर्षे जादा भार पडून तो झिजतो. कंबर दुखू लागते. नसलेल्या पायात कळा येतात. घरच्यांना तो भ्रम वाटतो, पण ती वेदना खरी असते आणि तिच्यावर उपचार आहेत.

हाताच्या बाबतीत तर काळ अधिक निष्ठुर आहे. दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस खांद्यावर आपटतो, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला जातो आणि हाताकडे जाणाऱ्या नसा ताणून तुटतात. हाड मोडलेले नसते, जखमही मोठी दिसत नाही. हात मात्र लोंबकळत राहतो. ‘मालिशने येईल ताकद’ म्हणत वर्ष काढले की स्नायू कायमचे वाळतात. नसांची शस्त्रक्रिया करायची तर ती साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते.

आता व्यवहाराची एक गोष्ट. वाहनमालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. मात्र तो मालक स्वतः परवानाधारक चालक असेल तरच. आपल्याकडे गाडी पेढीच्या नावावर, चालविणारा धाकटा मुलगा! पेढीच्या नावावरील वाहनाला हे संरक्षण मिळतच नाही. मुलाचा स्वतंत्र अपघात विमा काढणे हाच त्यावर उपाय. पडलेल्या फाटकाखालून गेलेल्याने रेल्वेकडून भरपाईची आशा धरू नये. उलट त्याच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

सर्वांत उपेक्षित राहते ती मेंदूची इजा. मुलगा चालतो, बोलतो, हसतो. गल्ल्यावर बसविले की मात्र समोर तीन गिऱ्हाइके एकदम आली म्हणजे गोंधळतो. उधारी मांडायला विसरतो, चारचौघांत मुनीमजींवर ओरडतो, दुपारीच थकून निजतो. वडील म्हणतात आळशी झाला, भाऊ म्हणतात मुद्दाम करतो, आणि सून रात्री सारे मुकाट्याने सोसते, कारण हा आपण वरलेला माणूस नव्हे हे ती कोणाला सांगणार? पुढच्या मेंदूला मार बसला की लक्ष, संयम आणि नियोजन यांवर परिणाम होतो. स्वभावदोष मानून त्याला बोल लावण्याने घर तेवढे मोडते.

१८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला. परंतु पूर्वीचा व्यवहारचतुर, धोरणी गेज उतावळा आणि हट्टी झाला. मालकांनी त्याला त्या जागी परत घेतले नाही. पुढे चिली देशात त्याने कित्येक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकली. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, रोज तेच काम. त्यानेच तो बराच सावरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. पेढीतही हे करता येईल. त्याला एकच काम द्यावे, शांत वेळी द्यावे, लिहून द्यावे. सकाळी माल मोजून घेणे त्याला जमेल. सायंकाळचा गल्ला कदाचित कधीच जमणार नाही.

गेज १८६० मध्ये फेफऱ्याच्या झटक्यांनी वारला, अपघातानंतर जवळजवळ बारा वर्षांनी. डोक्याच्या माराने येणारी फेफरी अशी उशिरा उगवू शकते, आणि त्यावरची गोळी एखादे दिवशी चुकली तरी झटका येऊ शकतो. आपल्या घरांत चौविहार असतो, पर्युषणात उपवास असतात, आणि रात्रीची गोळी नेमकी त्यातच राहते. गोळ्यांच्या वेळा बदलता येतात का, हे न्यूरोलॉजिस्टना आधीच विचारावे. पच्चक्खाणात आजारासाठी आगार असतात. गुरुमहाराजांना दुखणे सविस्तर सांगून मगच नियम घ्यावा.