उकळत्या पाण्याचा सवाल

आठवीच्या वर्गात आम्ही सूक्ष्मजीवांचा धडा शिकवत होतो. फळ्यावर लिहिले, ‘पाणी उकळले की सगळे जंतू मरतात.’ तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. “टीचर, सगळे? एकपण वाचत नाही?” तास संपत आला होता, अभ्यासक्रम मागे पडला होता. “सगळे म्हणजे सगळे. बस खाली,” आम्ही म्हणालो. ती बसली. पुढे महिनाभर तिने हात वर केला नाही.

आमची चूक आम्हांला खालांच्या खोकल्याने दाखवली. तीन आठवडे खोकला हटेना, म्हणून त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. थुंकीची तपासणी ट्रूनॅट नावाच्या यंत्रावर झाली. हे यंत्र आपल्या शेजारी गोव्यातच तयार होते. त्याच दिवशी निदान झाले, क्षयरोग. इतक्या लवकर कसे कळले, हे विचारल्यावर तंत्रज्ञ म्हणाले, “पीसीआर.” घरी येऊन आम्ही वाचायला बसलो आणि वाचता वाचता त्या मुलीच्या सवालापाशी येऊन थांबलो.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जमिनीतून कढत पाण्याचे झरे वर येतात. 1966 मध्ये थॉमस ब्रॉक हे प्राध्यापक आणि हडसन फ्रीझ हा कॉलेजात शिकणारा त्यांचा विद्यार्थी, या दोघांनी अशा एका झऱ्यातून एक जीवाणू मिळवला. हात बुडवला तर भाजेल अशा 70 अंशांच्या पाण्यात तो मजेत वाढत होता. त्याला त्यांनी ‘थर्मस ॲक्वाटिकस’ असे नाव दिले. त्यांना औषध शोधायचे नव्हते. किती उष्णतेत जीव तग धरतो, एवढाच त्यांचा सवाल होता.

1983 मध्ये कॅरी म्युलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. 1993 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. नमुन्यात रोगजंतूचा डीएनए अगदी थोडा असतो, म्हणून त्याच्या नकला काढायच्या. सुमारे 95 अंशांपर्यंत तापवले की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग नमुना थोडा निववला की एक प्रथिन प्रत्येक धाग्यासाठी नवा जोडीदार विणते. एकाचे दोन, दोनाचे चार. 30 फेऱ्यांत शंभर कोटींहून जास्त. अडचण एकच होती. सुरुवातीला वापरलेले प्रथिन तापवताना दर वेळी निकामी होई आणि प्रत्येक फेरीला नवे घालावे लागे. कढत झऱ्यातल्या त्या जीवाणूचे प्रथिन मात्र 95 अंशांतही टिकले. त्याचे नाव टॅक पॉलिमरेज.

आता ते झऱ्यावरून आणावे लागत नाही. त्या जीवाणूचे जनुक ई. कोलाय या जीवाणूत बसवतात. ई. कोलाय आपल्या आतड्यातही असतो आणि 37 अंशांत भराभर वाढतो. जनुक परक्याचे, कारखाना याचा; अशा प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. ते वेगळे काढण्याची युक्ती तर आपल्या स्वयंपाकघरातली वाटते. ई. कोलाय फोडून निघालेला द्रव तापवतात. त्याची स्वतःची बहुतेक प्रथिने उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात, टॅक तेवढे द्रवात राहते. थिजलेला साका काढून टाकला की काम बरेचसे झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात तेच वाक्य पुन्हा लिहिले आणि ‘सगळे’ हा शब्द पुसला. “हिचा सवाल बरोबर होता, आमचे उत्तर चुकले,” असे सर्वांसमोर सांगितले. पिण्याचे पाणी उकळूनच प्यावे, कारण पाण्यातून होणारे नेहमीचे आजार त्यानेच टळतात. पण धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरतीलच असे नाही, म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे दाबाच्या वाफेत 121 अंशांवर तापवतात, हेही सांगितले. मुलगी काही बोलली नाही. तास संपताना मात्र तिचा हात वर आला. “टीचर, मग त्या झऱ्यातला जंतू थंड पाण्यात मरतो का?”

या वेळी आम्ही म्हणालो, “ठाऊक नाही. आपण मिळून शोधू.”

खालांनी सहा महिने औषध घेतले, आता त्या बऱ्या आहेत. घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. आणि दस्तरखानावर एखादे लेकरू “सगळे?” असे विचारू लागले, तर आमच्यासारखे त्याला खाली बसवू नका.