उठता येईल अशी खुर्ची

मुंबईतील घरांचे दिवाणखाने गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार बदलले. सागवानी दिवाण, लाकडी हातांची खुर्ची, भिंतीशी उभे असलेले लोखंडी कपाट ही मंडळी एकेक करून निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी ठेंगणे, ऐसपैस, करड्या किंवा मातकट रंगाचे सोफे आले. या बदलाला सबळ कारणेही आहेत. खोल्या लहान असतात. ठेंगण्या वस्तूंवरून नजर थेट खिडकीपर्यंत पोहोचते आणि खोली मोठी भासते. अडचण एवढीच, की हा सोफा निवडला जातो त्या वेळी घरातील सर्वांत वयस्क व्यक्ती बहुधा दुकानात नसते. ‘तुम्हाला एवढी दगदग झेपायची नाही’ असे प्रेमाने सांगून तिला घरी ठेवलेले असते आणि पुढे त्या सोफ्यावर दिवसाचे सहा-आठ तास बसायचे असते ते नेमके तिलाच.

मुंबईत नव्या धर्तीचे फर्निचर कोठे घ्यावे, हा या वेळचा विषय. परंतु ‘कोठे’ याचे उत्तर ‘कोणासाठी’ यावर अवलंबून असल्यामुळे थोडे आधीपासून आरंभ करणे भाग आहे.

बसलेल्या स्थितीतून उठताना आपण पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घेतो, धड पुढे झुकवतो आणि मांड्यांच्या व नितंबांच्या स्नायूंच्या बळावर शरीर वर उचलतो. आसन जितके खाली, तितके गुडघे आणि खुबे अधिक वाकलेले, आणि उठताना त्यांच्यावर येणारा भार तितकाच मोठा. फोम मऊ असेल तर बसल्याबरोबर आसन आणखी दोन-तीन इंच खाली जाते. आसन खोल असेल तर पाठ टेकत नाही. टेकवायला मागे सरकावे, तर पाय अधांतरी राहतात. सोफ्याचा तळ जमिनीपर्यंत बंद असेल तर टाचा मागे घेता येत नाहीत. हात रुंद, बसके आणि गुबगुबीत असतील तर त्यांवर जोर देता येत नाही. आजच्या लोकप्रिय सोफ्यांत हे पाचही दोष अनेकदा एकत्र नांदतात.

माझ्या परिचयातील एका घरी असा सोफा आला आणि काही महिन्यांत ऐंशी ओलांडलेल्या आजींनी बाहेरच्या खोलीत बसणे जवळजवळ सोडले. त्यांचे मन आता कशात लागत नाही, असा घरच्यांचा समज झाला. खरे कारण निराळे होते. प्रत्येक वेळी उठवण्यासाठी सुनेला किंवा नातवाला हाक मारावी लागे, आणि पाहुण्यांसमोर ते त्यांना नकोसे वाटे. पुढे तर त्या पाणीही बेताने पिऊ लागल्या, कारण पाणी प्यायले की उठणे आले. वृद्धापकाळात कमी पाणी पिण्याचे परिणाम या पाक्षिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. आणि जो उठायचे टाळतो, त्याच्या मांड्यांतील बळ झपाट्याने ओसरते, हेही.

म्हणून बाजारात जाण्यापूर्वी घरी एक माप घ्यावे. ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची, त्यांना घरात वापरण्याच्या चपलांसह ताठ बसवून गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. आसन, त्यावर माणूस बसल्यानंतर, या मापाइतके किंवा त्याहून इंचभर उंच असावे. बहुतेकांना 17 ते 19 इंच उंची सोयीची पडते, परंतु अंगाने लहानखुऱ्या आजींना 16 इंचही पुरे होतात. त्यांना उगाच उंच खुर्ची दिली तर पाय लोंबकळतात आणि आसनाची कड मांडीखाली रुतते. पाठ टेकवून बसल्यावर लवण आणि आसनाची कड यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर आसन किती उंच हवे हे शल्यचिकित्सकांना किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांना आधी विचारावे आणि त्यांचे सांगणे या लेखापेक्षा वरचे मानावे.

आता बाजार. हाती माप असेल आणि मापाप्रमाणे वस्तू करून हवी असेल तर माझा कौल ओशिवऱ्याला. जोगेश्वरी पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गाच्या आसपास पसरलेला हा फर्निचर बाजार एके काळी जुन्या सागवानी सामानासाठी ओळखला जाई. आज तेथे नव्या धर्तीचे सोफे, पलंग, जेवणाची मेजे सर्व काही बनते. पश्चिम रेल्वेचे राम मंदिर स्थानक जवळ पडते. येथील खरा लाभ किमतीचा नव्हे. दुकानदाराला एखादे छायाचित्र दाखवून ‘हाच सोफा, पण आसन दोन इंच उंच, खोली तीन इंच कमी, खाली पाय मोकळे आणि हात लाकडी’ असे सांगता येते. दिसायला सोफा आधुनिकच राहतो. फक्त त्यातून उठता येते.

सांगताना मात्र नेमके सांगावे. ‘आसनाची उंची 18 इंच’ म्हटले तर कारागीर ती न दबलेल्या फोमपर्यंत मोजेल. ‘बसल्यावर 18 इंच’ असे म्हणावे आणि तसे कागदावर लिहून घ्यावे. फोमची घनता विचारावी. एका घनमीटरला 40 किलो किंवा त्याच्या आसपासचा, हाताला घट्ट लागणारा फोम लवकर बसत नाही. प्लायवूडवर भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. आयएस 303 हा सर्वसाधारण प्लायचा मानक आहे आणि आयएस 710 हा पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा. मुंबईच्या पावसाळी दमटपणात, विशेषतः ओल धरणाऱ्या भिंतीशी ठेवायच्या वस्तूला, दुसरा अधिक भरवशाचा. कापड चढवण्यापूर्वी सांगाडा पाहायला येऊ, असे आधीच बजावावे. कापडाखाली काय आहे ते नंतर कोणालाच दिसत नाही. गल्ल्या अरुंद आणि गजबजलेल्या असल्यामुळे ज्येष्ठांना नेायचे झाल्यास शनिवार-रविवार टाळून सकाळी न्यावे. त्यांनी तेथे तयार असलेल्या दोन-तीन खुर्च्यांवर एकदा बसून पाहिले, की पुढची घासाघीस बाकीच्यांनी करावी.

बसून पाहण्यासाठी सर्वांत निवांत जागा म्हणजे नवी मुंबईत तुर्भे येथे डिसेंबर 2020 मध्ये सुरू झालेले आयकियाचे दालन. प्रत्येक वस्तूची मापे तेथे लिहिलेली असतात आणि पाव तास एकाच खुर्चीत बसून राहिलात तरी कोणी हटकत नाही. ही सवलत फार मोलाची आहे, कारण खुर्चीचे दुर्गुण पाचव्या मिनिटानंतर कळू लागतात. चालणे मात्र पुष्कळ पडते. दालनातील मार्ग वळणावळणाचा आहे. त्यात मधूनमधून जवळच्या वाटा ठेवलेल्या असतात, त्या प्रवेशापाशीच विचारून घ्याव्यात आणि चाकांची खुर्ची मिळेल का, हेही. तेथील ‘पोएंग’ ही वाकवलेल्या लाकडाची डुलती खुर्ची नोबोरू नाकामुरा या जपानी रचनाकाराने 1970च्या दशकात घडवली. बसायला ती सुखद आहे यात शंका नाही, परंतु मागे कललेल्या आसनातून पुढे येणे कमजोर गुडघ्यांना जड जाते. त्याच दालनात उंच पाठीच्या, ताठ बैठकीच्या खुर्च्याही असतात. ज्येष्ठांनी त्यांच्याकडे आधी वळावे. सुटे भाग घरी आणून जोडण्याची हौस असेल तर ठीक, नाहीतर जोडणीचा आकार खर्चात धरावा. कच्ची जोडलेली खुर्ची ही पडण्याची हमखास सोय असते.

लोअर परळला सेनापती बापट मार्गावरील रघुवंशी मिलच्या आवारात उंची सजावटीची दुकाने आहेत. डोळ्यांना मेजवानी, पण किमती चढ्या आणि बैठका बहुतांशी ठेंगण्या. तेथे जायचेच तर जेवणाच्या मेजाभोवतीच्या, हात असलेल्या खुर्च्या पाहाव्यात. कित्येक घरांत आजोबांना सोफ्यापेक्षा अशीच एक खुर्ची अधिक मानवते. कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांना ओशिवऱ्यापेक्षा उल्हासनगरचा फर्निचर बाजार जवळ पडेल. मापाप्रमाणे करून घेण्याची रीत तेथेही आहे. चोरबाजार हा जुन्या वस्तूंच्या शौकिनांचा प्रांत, आज तो बाजूला ठेवू.

घरबसल्या मागवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मेज, मांडणी, दिवा खुशाल मागवावा. ज्यावर बसायचे किंवा झोपायचे ते मागवू नये. जोडणी झालेली वस्तू परत पाठवण्याच्या अटी दुकानागणिक वेगळ्या असतात आणि त्या वाचायला आपण बसतो ते वस्तू घरात आल्यावर.

रिक्लायनरबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण परदेशी असलेली मुले आईवडिलांना हीच भेट सर्वांत जास्त पाठवतात. हेतू उत्तम असतो. पाय वर घेऊन बसल्याने पायांची सूज कमी वाटते, दुपारची डुलकीही छान लागते. परंतु हाताने ओढायच्या खटक्याला जोर लागतो आणि पायटेकू खाली दाबून बंद करण्यासाठी मांड्यांत ताकद लागते. संधिवाताच्या बोटांना आणि दुबळ्या पायांना दोन्ही कठीण. पायटेकू उघडा असतानाच घाईने उतरू पाहणारे पडतात. विजेवर चालणाऱ्या रिक्लायनरमध्ये हे कष्ट वाचतात, तथापि वीज गेली तर खुर्ची सरळ कशी करायची, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करवून पाहावे. आसनासकट पुढे झुकून माणसाला उभे करणारा एक प्रकारही मिळतो; पार्किन्सनसारख्या व्याधीत त्याचा उपयोग होऊ शकतो, पण तो घ्यावा की नाही हे उपचार करणाऱ्यांना विचारूनच ठरवावे. मागे कलण्यासाठी भिंतीपासून किती जागा सोडावी लागते तेही मोजावे. मुंबईच्या खोलीत तीच जागा नेमकी चालण्याच्या वाटेतून जाते.

पलंगाचाही हिशेब असाच. खाली सामान ठेवण्याची पेटी असलेल्या पलंगाचा तळ बंद असतो, म्हणजे उठताना टाचा मागे जात नाहीत. शिवाय पलंगाची उंची दुकानात गादीशिवाय सांगितली जाते. वर 8 इंचांची गादी आली की आजींचे पाय जमिनीला टेकत नाहीत. गादीसह, कडेला बसून, मोजावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी डोक्याकडून उचलता येणारी खाट, कठडे किंवा कमोड-खुर्ची हवी असेल तर सजावटीच्या दुकानांत वेळ दवडू नये. मरीन लाइन्स स्थानकाजवळचा शामळदास गांधी मार्ग, म्हणजे आपली प्रिन्सेस स्ट्रीट, हा औषधांचा आणि रुग्णोपयोगी साहित्याचा जुना बाजार आहे. गरज काही महिन्यांचीच असेल तर अशी खाट भाड्यानेही मिळते. विकत घेण्यापूर्वी तेवढी चौकशी अवश्य करावी.

रंगाचा विचार बहुधा कोणी करत नाही. करड्या लादीवर करडा सोफा दिसायला सुरेख, पण मोतीबिंदू असलेल्या किंवा नजर मंदावलेल्या माणसाला आसनाची कड कोठे संपते ते कळत नाही आणि तो कडेवर अर्धवट बसतो. आसन आणि जमीन यांचे रंग एकमेकांपासून ठळक वेगळे असावेत. काचेचे टीपॉय याच कारणासाठी घरात आणू नये. उठताना आधारासाठी हात प्रथम त्याच्याकडेच जातो.

सोफा आधीच आला असेल तर तो विकण्याची गरज नाही. ओळखीच्या सुताराकडून पाय बदलून उंची वाढवून घेता येते, मात्र पाय बुडाला नीट आवळून बसवलेले हवेत. सुट्या विटा किंवा ठोकळे खाली सारू नयेत. गादीखाली प्लायची फळी घातली की आसनाचा झोळ कमी होतो. एवढ्याने भागत नसेल तर त्याच्याशेजारी हात असलेली एक उंच खुर्ची ठेवावी. तिची जागा कोपऱ्यात नसावी. जेथून दार, दूरचित्रवाणी आणि बोलणाऱ्यांचे चेहरे दिसतात, तेथे असावी. आणि ती पसंत करायला, एका दिवसाची दगदग सोसूनही, जो बसणार आहे त्याला बरोबर न्यावे.