जावा शिकताना मुले कोठे अडतात?



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, औषधे आणि जनावरे यांविषयी बोलतो. आज जरा वेगळ्या पिकाविषयी बोलायचे आहे. ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकत आली आहे आणि शहरात शिकणारी मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आहेत. त्यांतली पुष्कळशी डिप्लोमाला, बी.सी.ए.ला किंवा इंजिनिअरिंगला आहेत. एखादे सत्र संपते आणि घरात एक वाक्य ऐकू येते, "बाबा, हे जावा मला जमत नाही. मी आपला शेतीच बघतो." मुलगी असेल तर तिला एवढे बोलायचीही सोय नसते. तिचा एक विषय राहिला, की "आता शिक्षण पुरे, स्थळे बघू" अशी कुजबूज घरात सुरू होते.

शेती बघायला कोणाचीच ना नाही. पण एका विषयाला भिऊन मुलाने शेतीत यावे, हे मुलालाही बरे नाही आणि शेतीलाही बरे नाही. म्हणून मुलगा नेमका कोठे अडला आहे, ते आधी पाहावे. माझ्या कामाच्या गावी वाचनालयात अशी मुले संध्याकाळी अभ्यासाला बसतात. गेली काही वर्षे मीही त्यांच्याजवळ बसतो. मला तेथे दिसले ते असे, की बहुतेक मुले त्याच सात-आठ जागी अडतात. कीड ओळखीची असली की उपायही सापडतो.

ही भाषा आहे तरी काय?

संगणकाला कामे सांगण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांतली जावा ही एक. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि १९९५ साली ती सर्वांसमोर आली. २०१० साली ती कंपनी ओरॅकलने घेतली. जावाच्या मागची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. नॉर्वे देशात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर या दोघांनी १९६० नंतरच्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली, तिच्यात ही कल्पना प्रथम आली. कल्पना अशी, की माहिती एकीकडे आणि कामे दुसरीकडे असे न ठेवता, ज्याची माहिती त्याच्याच जवळ त्याची कामेही ठेवावीत. या कामगिरीबद्दल दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता अडचणी एकेक घेऊ.

१. कोरा नमुना आणि भरलेला नमुना

दूध संस्थेत सभासदाच्या खात्याचा छापील नमुना असतो. नाव, खाते क्रमांक, जमा दूध असे रकाने त्यात असतात. नमुना एकच, पण भरलेली खाती तीनशे. जावात कोऱ्या नमुन्याला 'क्लास' म्हणतात आणि भरलेल्या प्रत्येक खात्याला 'ऑब्जेक्ट'. नवशिका मुलगा क्लास लिहितो आणि काम झाले असे समजतो. नमुना छापून आणला म्हणून कोणाचे दूध जमा होत नाही. खाते उघडावे लागते. जावात ते 'न्यू' या शब्दाने उघडते.

२. कोणाचे दूध?

पुष्कळ मुलांना सर्वांत जास्त छळणारी अडचण ही. संगणक सांगतो, 'नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट'. मुलगा हे वाचून हादरतो. अर्थ मात्र साधा आहे. संस्थेचा दर सगळ्यांना एकच असतो. तो विचारायला सभासदाचे नाव सांगावे लागत नाही. अशा सामाईक गोष्टीला 'स्टॅटिक' म्हणतात. पण "किती दूध जमा झाले?" एवढेच विचारले, तर सचिव विचारणारच, "कोणाचे?" संगणकही तेच विचारतो आहे.

येथे मुले एक घातक उपाय करतात. जिकडे तिकडे 'स्टॅटिक' लिहून टाकतात. संगणकाची तक्रार थांबते, पण तीनशे सभासदांचे दूध एकाच खात्यात पडू लागते. तक्रार थांबली म्हणजे रोग गेला असे नाही. आधी खाते उघडावे, मग त्या खात्यालाच विचारावे, हा खरा उपाय.

३. हातात दावे आहे, गाय नव्हे

हा मुद्दा सावकाश वाचा आणि मुलाला वाचायला द्या. पुढच्या दोन अडचणी यातूनच निघतात.

जावात ऑब्जेक्टला नाव दिले, म्हणजे त्या नावात ऑब्जेक्ट येऊन बसत नाही. नाव हे फक्त दावे आहे. गाय दुसऱ्या टोकाला उभी असते. आता पहिल्या नावाची किंमत दुसऱ्या नावाला दिली, तर दुसरी गाय तयार होत नाही. एकाच गायीला दुसरे दावे लागते. मग एकाने धार काढली, तर दुसऱ्याला कास रिकामीच मिळणार. "मी तर याला हातही लावला नाही, मग हे बदलले कसे?" असे मुलगा म्हणतो, तेव्हा एका गायीला दोन दावी लागली आहेत असे समजावे.

४. दाव्याला गायच नाही

नाव ठेवले, पण त्याला ऑब्जेक्ट बांधले नाही, तर दाव्याचे टोक मोकळे राहते. त्याला 'नल' म्हणतात. मोकळ्या दाव्याची धार काढायला बसले, की 'नल पॉइंटर एक्सेप्शन' ही चूक येते आणि चालू काम तेथेच थांबते.

याचा नेहमीचा सापळा असा. मुलगा दहा गायींची रांग करायला सांगतो. जावात रांगेला 'ॲरे' म्हणतात. संगणक गोठ्यात दहा जागा आखून देतो, पण गाय एकही आणत नाही. प्रत्येक जागी गाय स्वतः आणून बांधावी लागते. शिवाय जागांची मोजणी शून्यापासून होते. दहा जागांचे क्रमांक ० ते ९ असतात. दहाव्या क्रमांकाला हाक मारली, तर गोठ्याची भिंतच लागते.

या चुकीने मुलाने खजील होऊ नये. 'नल'ची सोय टोनी होअर या इंग्लंडच्या नामांकित शास्त्रज्ञांनी १९६५ साली एका भाषेत केली. २००९ साली एका भाषणात त्यांनीच तिला आपली अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. मोठमोठ्या कंपन्यांतले जाणकारही आज या चुकीपुढे डोके खाजवत बसतात. २०२० सालापासूनच्या आवृत्त्यांत मात्र नेमके कोणते दावे मोकळे होते, ते संगणक सांगू शकतो. ती ओळ वाचायला मुलाला शिकवा.

५. तेच पोते की तसलेच पोते?

दोन पोत्यांत एकाच वाणाचा हरभरा आहे. ती दोन्ही सारखी आहेत काय? आहेत. ते एकच पोते आहे काय? नाही. जावात दोन बरोबरच्या खुणा (==) लावून ऑब्जेक्ट तपासले, तर "हे तेच पोते आहे काय?" असा प्रश्न होतो. आतला माल सारखा आहे काय, हे विचारायचे असेल तर 'इक्वल्स' वापरावे लागते. शब्द आणि नावे तपासताना मुले हमखास येथे चुकतात. फसगत अशी, की कार्यक्रमात लिहिलेले सारखे शब्द जावा एकाच पोत्यात ठेवते, म्हणून चाचणीत उत्तर बरोबर येते. तेच नाव कोणी कळफलकावरून टाकले, की उत्तर चुकते. शब्दांसाठी नेहमी 'इक्वल्स' वापरावे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

६. साडेतीनाचे तीन कसे झाले?

दोन वेळचे मिळून ७ लिटर दूध. सरासरी किती? तुम्ही साडेतीन म्हणाल. जावाला ७ भागिले २ विचारले, तर ती ३ म्हणते. दोन्ही आकडे पूर्णांक असले, की ती उत्तरही पूर्णांकच देते आणि अपूर्णांक टाकून देते. २ च्या ऐवजी २.० लिहिले की साडेतीन येतात. दुधाच्या हिशेबात असा अर्धा लिटर रोज गेला, तर सभासद काय म्हणतील ते सांगायला नको.

७. 'आहे' आणि 'जवळ आहे'

जर्सी ही गाय आहे. गोठ्याजवळ गाय आहे. पहिल्या नात्याला जावात 'एक्स्टेंड्स' वापरतात. दुसऱ्या नात्यात गोठ्याच्या नमुन्यात गायीचा रकाना ठेवतात. नवीन शिकलेला मुलगा सगळीकडे 'एक्स्टेंड्स' लावतो आणि गोठ्यालाच गाय करून बसतो. वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून पाहावे. "गोठा ही गाय आहे" हे कानाला खटकले, म्हणजे नाते चुकले.

८. किरकोळ, पण रोजच्या

सेमीकोलन राहणे, महिरपी कंस बंद न करणे, मोठ्या-लहान लिपीतल्या अक्षरांची गल्लत, फाइलचे नाव आणि पब्लिक क्लासचे नाव वेगळे असणे, या चुका रोज होतात. एक कंस राहिला तरी कधी कधी वीस चुकांची यादी येते. मुलगा शेवटची चूक बघतो आणि हताश होतो. मोटर चालली नाही तर आपण लगेच विहिरीतून पंप काढत नाही. आधी वीज आहे का ते पाहतो, मग फ्यूज पाहतो. तसेच येथे करावे. पहिली चूक आधी वाचावी, तेवढीच दुरुस्त करावी आणि पुन्हा चालवून पाहावे. पुष्कळदा उरलेल्या चुका आपोआप जातात.

घरच्यांनी काय करावे?

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाटते, की आपले इंग्रजी कच्चे म्हणून हे अडले. जावाचे राखीव शब्द सुमारे पन्नास आहेत. औषधांच्या बाटल्यांवरची नावे आपल्या मुलांना याहून अधिक पाठ असतात. अडचण शब्दांची फारशी नसते. 'दावे आणि गाय' कोणी उलगडून सांगितलेले नसते, ही असते.

म्हणून सुट्टीत एवढे करा. मुलाला रोज तासभर शेताच्या कामातून मोकळे ठेवा. मुलीला स्वयंपाकघरातून तेवढाच तास मोकळा द्या. वहीतला कार्यक्रम नुसता उतरवून न घेता, वही मिटून पुन्हा लिहायला सांगा. संगणक घरी नसेल, तर कागदावर दावी आणि गायी काढून ओळीओळीने काय होते ते दाखवायला सांगा. दूध संस्थेच्या खात्याचा छोटा कार्यक्रम करायला सांगा आणि तो तुम्हाला समजावून द्यायला लावा. तुम्हाला सगळे कळले नाही तरी चालेल. समजावताना तो जेथे अडखळेल, तेथेच त्याचे कच्चे आहे. जावा विनामूल्य मिळते, तेव्हा महागड्या क्लासची फी भरण्याआधी हे करून पाहा.

आणि निकाल हाती आल्यावर लगेच निर्णय घेऊ नका. एका हंगामात उगवण विरळ झाली म्हणून आपण रान विकत नाही. नांगे भरतो, पाणी देतो. एक पेपर राहिला, तर तो पुन्हा देता येतो. मोडलेले शिक्षण किंवा घाईने ठरवलेले लग्न मात्र सहजासहजी परत फिरवता येत नाही.

पुढील अंकी : हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी कामगंध सापळे केव्हा व कसे लावावेत.