फ्लॉपीतला हिशेब

गेल्या वर्षी घराचे छप्पर बदलायचे ठरले, म्हणून १९९६ साली घेतलेला एक म्युच्युअल फंड विकायला काढला. आमच्या सी.पी.ए.ने विचारले, "घेतला कितीला होता?" मी रुबाबात म्हटले, "पै न् पैचा हिशेब कॉम्प्युटरवर आहे!"

हिशेब होता, पण ११ फ्लॉप्यांवर. घरात चार कॉम्प्युटर. एकालाही फ्लॉपीची खाच नाही. बाहेरून लावायचा ड्राइव्ह मागवला. तीन फ्लॉप्या वाचताच येईनात. बाकीच्या वाचल्या, पण ज्या प्रोग्रॅममध्ये हिशेब लिहिला होता तो बाजारातून केव्हाच गेलेला.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. अमेरिकेत खरेदीची किंमत टॅक्स खात्याला कळवण्याचे बंधन ब्रोकरवर आहे ते २०११ पासून घेतलेल्या शेअर्सचे आणि २०१२ पासूनच्या म्युच्युअल फंडांचे. त्याआधीच्या खरेदीचा पुरावा ज्याने त्याने ठेवायचा. तो नसला तर खाते खरेदीची किंमत शून्य धरू शकते. मग नफ्यावर नव्हे, सगळ्या रकमेवर कर!

वाचवले ते आमच्या सौ.नी. दर वर्षअखेरीचे कागदी स्टेटमेंट त्यांनी बुटांच्या खोक्यात ठेवले होते. "अहो, तुमचा कॉम्प्युटर चार वर्षांत बदलतो, माझं खोकं तेच आहे," एवढेच त्या म्हणाल्या. तीन वर्षांचे कागद मात्र सापडले नाहीत. त्या वर्षांत फंडात परत गुंतवलेल्या डिव्हिडंडवर तेव्हाच कर भरला होता. आता पुराव्याअभावी पुन्हा भरला.

लाज वाटण्याचे खरे कारण वेगळेच. मी १९९५ साली इथे आलो तो कोबोल प्रोग्रॅमर म्हणून, आणि पुढची चार वर्षे 'वाय-टू-के'चीच भाकरी खाल्ली. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच आकडे असत, कारण तेव्हा मेमरी फार महाग. लिहिणारे मूर्ख नव्हते. हा प्रोग्रॅम २००० सालापर्यंत थोडाच टिकतोय, असे त्यांना वाटले. तो टिकला.

माझ्या मते दुखणे इथेच आहे. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली सांगितले की चिपवरच्या भागांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल. १९७५ मध्ये त्यांनी तो काळ दोन वर्षांवर आणला. या वेगामुळे स्वस्ताई आली, पण सवयही लागली. पाच वर्षांत सगळे बदलणारच, मग पुढचा विचार कशाला? १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी जुनी यंत्रे १९ जानेवारी २०३८ रोजी मोजणी संपून चुकतील, तेही याच सवयीने. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक धडधाकट कॉम्प्युटर केवळ विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत म्हणून बाद ठरले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी थ्री-जी बंद केले, तेव्हा त्यावर चालणारी, वृद्धांच्या गळ्यातली आणीबाणीची बटणे बदलावी लागली. यंत्र बिघडले नव्हते. भोवतालचे जग पुढे गेले होते.

आपले व्यवहार मात्र लांब पल्ल्याचे. घराचे कर्ज ३० वर्षांचे, निवृत्तीची बचत ४० वर्षांची, आजाराचा इतिहास जन्मभराचा. तीस वर्षांचा ऐवज पाच वर्षांच्या यंत्रात ठेवून आपण निश्चिंत झोपतो!

मुलगा म्हणतो, "बाबा, सगळं क्लाउडवर टाका." टाकावे, पण तोही दुसऱ्याचा कॉम्प्युटरच. खाते बंद पडले किंवा पासवर्ड एकट्यालाच माहीत असला, तर तिथेही कुलूपच.

म्हणून आमच्या घरी आता नियम केला आहे. १५ एप्रिलला टॅक्सचे काम संपले की त्याच आठवड्यात वर्षअखेरीची स्टेटमेंट्स छापायची आणि साध्या पी.डी.एफ.मध्ये दोन ठिकाणी ठेवायची. डॉक्टरांनी सी.डी.वर दिलेले स्कॅन वेळीच उतरवून घ्यायचे, आणि सोबतचा लेखी रिपोर्ट कागदावर ठेवायचा. जुनी फाइल उघडते का, हे दरवर्षी उघडून पाहायचे. आणि नवा कॉम्प्युटर घेताना वेगाआधी विचारायचे, "याला आधार किती वर्षे मिळणार?"

तुमच्याही ड्रॉवरमध्ये फ्लॉप्या, सी.डी. असतीलच. या शनिवारी काढून पाहा. उघडल्या तर उत्तम. नाही उघडल्या तर निदान सी.पी.ए.समोर माझ्यासारखा रुबाब करू नका. आणि हो, सौ.चे खोके टाकून देऊ नका.