मांडव कुणाचा, ताल कुणाचा?

लग्नाच्या पंगतीत यजमानीण कशी वावरते, हे वसईच्या कोणत्याही गावात उभे राहून पाहावे. दात गेलेल्या आजोबांच्या पानावर मऊ भात पडला की नाही, मधुमेह जडलेल्या मामांना गोडाचा आग्रह कुणी करीत नाही ना, तिखट न सोसणाऱ्या पोरांसाठी वेगळे काही ठेवले आहे ना, याकडे तिचे डोळे लागलेले असतात. नवऱ्या मुलाला तिखट आवडते, म्हणून आलेल्या सर्वांनी तिखटच खावे, असे म्हणणारा यजमान आम्हांला आजवर भेटलेला नाही. मग त्याच मांडवात, त्याच संध्याकाळी जे संगीत वाढले जाते, ते मात्र 18 ते 28 या वयाच्या पानांवरच का पडावे? बाकीच्यांनी उपाशी उठावे, असा संकेत केव्हा ठरला आणि कुणी ठरवला?

आमचे म्हणणे एवढेच आहे की, लग्नातल्या नाचाचे संगीत ही वधूवरांची खाजगी आवड नव्हे. तीही पंगतच आहे. ज्यांना आमंत्रण दिले, त्या सर्वांसाठी ती मांडायची असते.

आरंभीच एक गैरसमज दूर करू. नृत्याविरुद्ध प्रवचने झोडणाऱ्यांच्या रांगेत आम्हांला उभे राहायचे नाही. कराराच्या कोशापुढे दावीद राजा बेभान होऊन नाचला आणि खिडकीतून त्याला तुच्छतेने पाहणारी मीखलच शास्त्रात हिणकस ठरली. प्रभू येशूनेही बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला दिला तो पावा वाजवूनही न नाचणाऱ्यांना उद्देशून. शिवाय या विषयात ख्रिस्तसभेचा स्वतःचा हिशेबही फारसा स्वच्छ नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 साली काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती लग्नघरांतील ओव्यांवर आणि देशी वाद्यांवर बंदी घातली होती. आज आम्ही ज्याला सभ्य, घरंदाज नाच समजतो, त्या वॉल्ट्झवर 1816 साली लंडनच्या ‘टाइम्स’ने असभ्यतेचा शिक्का मारला होता. तेव्हा नव्या पिढीचा ताल ऐकून कपाळाला आठ्या घालण्याआधी वडीलधाऱ्यांनी, आणि आम्ही धर्मगुरूंनीही, जरा दमाने घ्यावे हे बरे.

परंतु बंदी घालणे वेगळे आणि निवड करणे वेगळे. आमच्या समाजात आज निवडच कुणी करीत नाही. ध्वनिवर्धकाचा ठेका घेणाऱ्याला आगाऊ रक्कम दिली की घरच्यांची जबाबदारी संपते. केकपासून हारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर घरात चार रात्री खल होतो. गाण्यांवर चार मिनिटेही होत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतले एक लग्न आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मिस्सा सुंदर झाली होती. संध्याकाळी मैदानावर स्वागत समारंभ होता. व्यासपीठाच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या होत्या आणि पहिल्या रांगांतल्या खुर्च्यांवर, मानाने, घरची वृद्ध माणसे बसवली होती. पहिले गाणे सुरू झाले आणि त्या खुर्च्या हळूहळू मागे सरकू लागल्या. कुणी भांडले नाही, कुणी तक्रार केली नाही. आधी एक रांग मागे, मग तीन, मग मांडवाच्या कडेला, आणि तासाभराने नवरीची आजी आम्हांला आढळली ती मैदानाबाहेर, उभ्या केलेल्या मोटारींच्या ओळीत, कानांत कापसाचे बोळे घालून बसलेली. या बाई तरुणपणी गावातल्या लग्नांत गाणी म्हणायच्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक प्रसंगाचे गाणे त्यांना मुखोद्गत होते आणि नवरीचे नाव गुंफून ते जागच्या जागी फुलवण्याची त्यांची हातोटी साऱ्या गावाला ठाऊक होती. नात आशीर्वाद घ्यायला तिथवर आली. आजी काहीतरी म्हणाल्या. नातीने हसून मान हलवली. तिला एक अक्षरही ऐकू आलेले नव्हते. आम्ही हातभर अंतरावर होतो, आम्हांलाही आले नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली. त्यांची गाणी कुणी उतरवून घेतली आहेत का, असे घरी विचारले, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. 1736 चा हुकूमनामा गोव्यातील ओव्यांना पुरते मुके करू शकला नाही. आमच्या अंगणातल्या ओव्यांना मात्र भाड्याने आणलेल्या दोन खोक्यांनी एका संध्याकाळीत गप्प केले.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे प्रथम कुणाच्या ध्यानात आले? नवऱ्या मुलाच्या नव्हे, भोजनकारभाऱ्याच्याही नव्हे; पाहुणी म्हणून आलेल्या एका प्रौढ आईच्या. तिने ते आपल्या पुत्राला हलक्या आवाजात सांगितले. आमच्या आजच्या मांडवात पवित्र मरियेला ते सांगता आले असते काय?

येथे कोणी म्हणेल की, वृद्धांना नवे काही रुचतच नाही. हे खरे नाही. त्यांच्या शरीराचा विचार करा. वय वाढते तसे कानांना उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात आणि गोंगाटात शेजाऱ्याचे बोलणे वेगळे काढणे अवघड जाते. कानाला यंत्र असेल तर त्रास आणखीच. सावकाश वॉल्ट्झचे मिनिटाला 90 च्या आतबाहेर ठोके पडतात. हल्लीच्या नाचगाण्यांचे 120 ते 130. गुडघे झिजलेल्या माणसाला या दोहोंतला फरक विचारा. आणि मोठ्या आवाजाची बाधा केवळ म्हाताऱ्यांनाच होते असेही नाही. 100 डेसिबल आवाजात पंधरा मिनिटांहून अधिक वेळ थांबणे कुणाच्याही कानाला घातक, असे तज्ज्ञ सांगतात. आणि आम्ही तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन त्या भिंतींसमोर तीन-तीन तास उभे राहतो!

दुसरा आक्षेप तरुणांचा : “फादर, लग्न आमचे, दिवस आमचा.” मुलांनो, दिवस तुमचा खरा, पण मग निमंत्रण पत्रिकेवर आजीआजोबांची नावे सर्वांत वर का छापलीत? आणि तिसरा आक्षेप, जो तोंडावर कुणी बोलत नाही पण पाठीमागे पुष्कळ जण बोलतात : फादरांनी मिस्सेपुरते पाहावे. आम्ही मिस्सेपुरतेच पाहत आहोत. एका वेदीभोवती चार पिढ्या उभ्या करून जी एकता आम्ही सकाळी साजरी करतो, ती संध्याकाळी वयानुसार कापून वेगवेगळ्या कोपऱ्यांत फेकली जात असेल, तर सकाळी आम्ही काय केले? विवाहविधीच्या संदर्भात त्या त्या प्रदेशातील स्तुत्य चालीरीती जपाव्यात, अशी इच्छा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या संविधानात प्रकट केली. सर्वांनी मिळून गाणे आणि नाचणे, याहून स्तुत्य चाल आमच्याकडे कोणती आहे?

आणि हे जमत नाही असे कुणी सांगू नये. आमच्या गोमंतकीय बांधवांनी ते फार पूर्वी जमवले. त्यांचा मांडो संथ असतो. पुरुष एका ओळीत, स्त्रिया समोरच्या ओळीत, पावले जपून पडतात, सत्तरीतला माणूसही त्यात शोभून दिसतो. त्यानंतर दुलपद येते, लय चढते, आणि तरुणांचे पाय मोकळे होतात. वृद्धांपासून आरंभ करून तरुणांच्या हाती सोपवणे, हा क्रम त्या संगीताच्या घडणीतच आहे. मुंबई-साष्टीकडच्या ईस्ट इंडियन बांधवांकडे ‘उंबराचं पाणी’ आणायला निघालेल्या घुमटाच्या मागे नातवंडे आणि आज्या एकाच चालीने चालतात. आमच्याकडे एखादे कोळीगीत सुरू होऊ द्या, कोपऱ्यातल्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होतात की नाही ते पाहा. पण ते गाणे लावतात केव्हा? पावणेदहाला, जेव्हा म्हातारी माणसे जेवून घरी गेलेली असतात.

खरी गोम येथे आहे. ध्वनिवर्धक रात्री 10 वाजता बंद करावा, असा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. सातचा समारंभ साडेआठला सुरू होतो. वधूवरांचे आगमन, धुराचे लोट, कृत्रिम ठिणग्या, छायाचित्रकाराच्या हुकमावरून तेच पाऊल पुन्हापुन्हा टाकणे, यात पाऊण तास जातो. उरलेल्या तुटपुंज्या वेळात जो अधिक जोराने नाचेल त्याचा मांडव. आम्हीही एके काळी वेदीवरून केवळ दहाच्या नियमाची सूचना वाचून मोकळे होत होतो. लोकांनी नियम पाळला, आजी मात्र मोटारींच्या ओळीतच राहिली. चूक आमचीही होती.

म्हणून येत्या हंगामापासून आमच्या धर्मग्रामात विवाहपूर्व भेटीच्या वेळी आम्ही वधूवरांना आणखी एक प्रश्न विचारणार आहोत : गाण्यांची यादी कुणी केली? वाजवणाऱ्याने, असे उत्तर आले तर कोरा कागद देऊन त्यांना घरी पाठवू. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीने आणि सर्वांत लहान शाळकरी मुलाने प्रत्येकी पाच गाणी त्यावर सांगावीत. वृद्धांची गाणी आरंभी वाजावीत, ते ताजेतवाने असताना. ध्वनिवर्धकाची तोंडे खुर्च्यांकडे नसावीत. आणि कोणतीही यंत्रे सुरू होण्यापूर्वी वीस मिनिटे गावातल्या बायांना द्यावीत. ज्यांना अजून गाणी येतात, त्यांनी ती म्हणावीत आणि कुणीतरी ती उतरवून घ्यावीत. कागदाचा खर्च धर्मग्राम करील.