कचेरीतील मौन

पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेत नोकरीस लागून चारच महिने झालेली एक तरुण सनदी लेखापाल जुलै २०२४ मध्ये मृत्यू पावली. सप्टेंबरात तिच्या मातेचे पत्र प्रसिद्ध झाले आणि असह्य कामाने आपली मुलगी गेली, हा त्यातील आरोप देशभर गाजला. संस्थेच्या प्रमुखांनी तो मान्य केला नाही. मृत्यूचे कारण ठरविणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. परंतु ते पत्र वाचताना असंख्य सुशिक्षित नोकरदारांना आपलीच कहाणी वाचल्यासारखे वाटले, ही गोष्ट झटकून टाकण्यासारखी खास नाही.

या प्रकरणी कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. जादा कामास दुप्पट वेतन ठरविले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊचे दहा तास करण्यास संमती दिली, हा भाग निराळा. खरी मेख आहे ती सवलतीत. विश्वासाच्या, व्यवस्थापनाच्या वा देखरेखीच्या जागी असलेल्यांना हा कायदा लागू नाही. तेव्हा कारकुनाला ‘मॅनेजर’ म्हटले की त्याचा मान वाढतो आणि तासांची मोजदाद संपते! ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही असा व्यवस्थापक नेमके कशाचे व्यवस्थापन करतो, हे कोणी विचारीत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांचे गाऱ्हाणे उघडपणे मांडले म्हणून. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात टाटांनी आठ तासांचा दिवस १९१२ सालीच, कायद्याची वाट न पाहता, सुरू केला. त्यापायी कारखान्याचे दिवाळे वाजले नाही. आज मात्र आठवड्याला ७० तास राबा, असा उपदेश २०२३ मध्ये एका नामांकित उद्योगपतींनी केला आणि २०२५ च्या प्रारंभी दुसऱ्यांनी तो आकडा ९० वर नेला. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो. या आकड्यापुढे त्या उपदेशाचे मोल काय, ते वाचकांनीच ठरवावे.

खेळीमेळीचे वातावरण निर्माण करावयाचे म्हणून हल्ली कंपन्या योगवर्ग भरवितात, वाढदिवसाला केक कापतात. यात वाईट काही नाही. पण रोगाचे मूळ तेथे नाही. गिऱ्हाइकाला तारखेचे वचन देताना आपल्याकडे माणसे किती आहेत, हे मोजले जात नाही. तूट भरून निघते ती कनिष्ठांच्या झोपेतून. हे होणार नाही, असे वरिष्ठाला सांगण्याची सोय त्यांना नसते. कारण सांगणाऱ्याची बढती अडते आणि रात्री अकराला निरोपाचे उत्तर देणारा निष्ठावंत ठरतो. ज्या कचेरीत चूक वा अडचण बोलून दाखविता येत नाही, तेथे ती हिशेबात लपून बसते आणि पुढे धंद्यालाच महाग पडते.

उपाय कठीण नाहीत. कायद्याची सवलत पदनामावर न ठेवता प्रत्यक्ष कामावर ठेवावी. कामाच्या तासांची खरी नोंद सर्वांसाठी सक्तीची करावी आणि कामगार खात्याने ती तपासावी. कारण पुण्याच्या प्रकरणानंतर त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले होते. मालकांनीही विभागप्रमुखाची पारख नफ्याबरोबरच त्याच्या हाताखालचे किती जण सोडून गेले आणि किती जणांना हक्काची रजा मिळाली, यावरून करावी. गिरणीतल्या अशिक्षित कामगाराने जे मागून घेतले, ते पदवीधराला मागण्याची लाज वाटावी, यात त्याची प्रतिष्ठा नाही. हे मौन मालकांनी आणि नोकरदारांनी मिळून मोडले पाहिजे.