साच्याचा खर्च कोणी सोसायचा?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरात रेल्वे आली. मार्गाला मंजुरी होती १९९५ सालची! आमच्या भागात रेल्वे परवडणार नाही, हे पालुपद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

हेच गणित छोट्या रेल्वेलाही चुकत नाही. भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय पुण्यात कोथरूडला १९९८ पासून आहे. तरीही भारतीय इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती बाजारात क्वचितच मिळते. असे का व्हावे?

प्लॅस्टिक स्वस्त असते. महाग असतो तो साचा. समजा, साच्याला २० लाख रुपये लागले. २०,००० इंजिने खपली तर प्रत्येकावर १०० रुपयांचा बोजा. १,००० च खपली तर २,००० रुपयांचा! त्यात मापाची अडचण. जगभर रूढ असलेल्या १:८७ प्रमाणात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपली १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज त्या प्रमाणात १९ मिलिमीटरहून अधिक भरते. म्हणजे तयार परदेशी सांगाडा आपल्या इंजिनाला नेमका बसत नाही. गिऱ्हाईक थोडे म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही!

बीडच्या मार्गाचा निम्मा भार राज्य सरकारने उचलला. खेळण्यांसाठी सरकारने तिजोरी उघडावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु छांदिष्टांनी एकत्र येऊन आगाऊ नोंदणी करावी, पैसे आधी भरावेत आणि कारखानदाराचा धोका वाटून घ्यावा. मित्रहो, नुसते हिशेब मांडत बसल्याने गाडी येत नाही. तीस वर्षे वाट पाहून बीडकर एवढे तरी नक्कीच शिकले आहेत.